भिंतीची भूमिका

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले, तेव्हापासून त्यातले पेशवाईचे कारभारी नाना फडणवीस आणि त्यांनी नेमलेला कोतवाल घाशीराम यांची विद्वानांनी यथेच्छ उलटतपासणी केली. परंतु जे ब्राह्मण ओळीने उभे राहून मानवी पडदा झाले, गाणे आले की डुलले, वाडा हवा तेव्हा भिंत बनले आणि भिंतीपलीकडे काही न पाहण्याजोगे घडू लागताच प्रेक्षकांकडे पाठ करून स्तब्ध राहिले, त्यांची नोंद बहुधा जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाची किमया एवढीच झाली. वस्तुतः कोतवाल एकटाच असतो. परवाने काढणे, तपासणे, नसल्यास धरून नेणे एवढा कारभार एका इसमाच्या हातून, भिंतीच्या मदतीवाचून, होणे अशक्य. आणि गंमत अशी की, अखेरीस घाशीराम मारला जातो तेव्हाच्या उत्सवालाही हीच भिंत हजर! तिच्या पगारपत्रकात खंड म्हणून नाही.

१९७६ साली, साऱ्या देशालाच आणीबाणीत रांगेत उभे राहण्याचा सराव चालू असता, युक्त फिल्म सहकारी संस्थेने या नाटकाचा चित्रपट काढला. नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीरामाच्या भूमिकेत ओम पुरी, आणि दिग्दर्शक मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा व कमल स्वरूप असे चार. एकाधिकारशाहीवरच्या गोष्टीला एकच हुकूमदार नको, एवढे भान त्यांनी ठेवले. तथापि चित्रपटात भिंतीपुढे एक संकट असते. नाट्यगृहातला प्रेक्षक तिकिटाने खुर्चीला जखडलेला, त्याला पाठ दाखविली की काम भागते. कॅमेरा मात्र वळसा घालून समोर येतो आणि पाठ फिरविणाऱ्याच्या मुद्रेचा जबाब घेतो. भिंत होणे अन्यत्र मात्र इतके स्वस्त नसते. फ्रेंच नाटककार आयनेस्कोच्या १९५९ सालच्या नाटकात गावचे गाव गेंडे होते. त्याच्या १९७४ सालच्या चित्रपटात झीरो मॉस्टेल हा नट शिंगाचा आधार न घेता गेंडा झाला. फ्रेंच नागरिकाला निदान कातडे जाड करून घेण्याची तोशीस पडते. आपल्याकडे टाचेवर अर्धा वळसा पुरे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, हा चित्रपट पुन्हा निघणार असेल तर तो मराठवाड्यातल्या आमच्या अंबडास काढावा. दूरदृश्यासाठी मत्स्याकृती टेकडी व तिच्यावरील मत्स्योदरी देवीचे मंदिर आहे. आणि १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा अंमल अनुभवलेल्या मुलखास कोतवाल, परवाना, जमाबंदी हे शब्द समजावून देण्यासाठी टिपा छापाव्या लागत नाहीत. भिंत तर अशी तयार आहे की तालीम नको. कोणत्याही कचेरीपुढची रांग पाहा. पीकविम्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सकाळपासून उभ्या असलेल्या म्हातारबाबांना खिडकीतून ‘सायेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ असे ऐकू येते, आणि त्याच वेळी पांढऱ्या गाडीतून उतरलेला एक खादीधारी बाजूच्या दाराने त्याच साहेबांकडे चहाला जातो. तेव्हा रांगेतले यच्चयावत लोक लोकसेवा हक्क अधिनियमाचा फलक अशा एकाग्रतेने वाचू लागतात की, त्या कायद्याचा एवढा अभ्यास खुद्द विधिमंडळातही झाला नसेल. म्हातारबाबा काही बोलू गेलेच, तर मागून एक समजूतदार आवाज येतो: ‘जाऊ द्या हो बाबा, कशाला!’

नाटकावर त्या काळी ब्राह्मणद्वेषाचा आरोप झाला होता, त्याचेही परिमार्जन येथे आपोआप होईल, कारण आमच्या भिंतीत सर्व जाती, सर्व पक्ष आणि बागायतदारापासून ऊसतोड मजुरापर्यंत सर्व थर खांद्याला खांदा लावून उभे असतात. ज्या समतेसाठी संतांनी अभंग रचिले ती या एका ठिकाणी निर्विवाद प्रस्थापित झालेली आहे.

पात्रनिवडीचे म्हणाल, तर नानांच्या भूमिकेसाठी दोन्ही गटांचे पुढारी आग्रह धरतील, त्यांना आळीपाळीने द्यावी. घाशीरामासाठी तर होतकरू कार्यकर्त्यांची चेंगराचेंगरी होईल; शेवटच्या अंकाची कल्पना त्यांना आधी न दिलेली बरी. भिंतीसाठी मात्र एकही अर्ज यावयाचा नाही. ‘ते काम आपल्याकडून व्हायचं नाही बुवा,’ असे जो तो निक्षून सांगेल, आणि सांगताना पुढच्या इसमाच्या पाठीशी बरोबर हातभर अंतर ठेवून उभा असेल.