घटनेत कुठे लिहिलंय?

आमच्या आमदारसाहेबांचा घटनेचा अभ्यास दांडगा. २६ नोव्हेंबरला चौकात मंडप घालून ते उद्देशिकेचं जाहीर वाचन करतात. ‘न्याय’ला चष्मा सारखा करतात आणि ‘समानता’ला थांबून फोटोग्राफरकडे बघतात. कार्यालयातल्या काचेच्या कपाटात घटनेची लाल पुठ्ठ्याची प्रत आहे. तिच्यावरचं प्लास्टिक अजून फाटलेलं नाही. मी ते निरखतोय हे पाहून साहेब म्हणाले, “लिहिलेलं वाचायला वकील आहेत हो. आपण न लिहिलेलं वाचायचं.”

हा सिद्धान्त वरवर वाटतो तितका पोकळ नाही. साहेबांकडे त्याला उदाहरणंही भरपूर, कारण ते तीन पक्षांच्या बाकांवर बसून आलेत.

राज्यपालनियुक्त बारा आमदारांचंच घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये आघाडी सरकारनं बारा नावं राजभवनावर धाडली. सही किती दिवसांत करायची, हे घटनेत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वाजवी मुदतीची आठवण करून दिली, तरी यादी जागची हलली नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारनं ती मागे घेतली. साहेब तेव्हा आघाडीत होते. घटनेचा खून झाला म्हणून तहसील कचेरीसमोर काळ्या फिती लावून बसलेले मी पाहिलेत. आता विचारलं तर म्हणतात, “राज्यपालांचा विवेक होता तो. विवेकाला घड्याळ कसलं लावता?”

त्याच दिवसांत विधानसभाध्यक्षांची खुर्चीही रिकामी होती, फेब्रुवारी २०२१ पासून. ती शक्य तितक्या लवकर भरा, असं १७८ वं कलम सांगतं. आघाडीनं गुप्त मतदानाऐवजी उघड निवडीचा नियम केला, तर राजभवनाला घटनात्मक शंका आल्या. पुढे सरकार बदललं आणि ३ जुलै २०२२ ला निवड झालीसुद्धा. शंकांचं निरसन नेमकं कोणत्या कलमानं झालं, हे साहेबांनी सांगितलं नाही. चहा सांगितला.

मग मंत्रिमंडळ. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीनुसार राज्यात किमान बारा मंत्री हवेत. ३० जून ते ९ ऑगस्ट २०२२ महाराष्ट्राचा गाडा मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघेच हाकत होते.

“बारा हवेत हे कबूल,” साहेब म्हणाले, “पण पहिल्याच दिवशी हवेत असं कुठे लिहिलंय?”

कमाल मर्यादा मात्र त्यांना तोंडपाठ आहे. २८८ चे पंधरा टक्के, म्हणजे मुख्यमंत्री धरून त्रेचाळीस. दर विस्ताराला ते बोटांवर मोजतात आणि दर वेळी बोटं संपतात.

पण साहेबांचा जीव खरा रमतो तो दहाव्या परिशिष्टात. पक्षांतराला आळा घालायला ते १९८५ मध्ये आलं. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना माफी होती. २००३ मध्ये ही पळवाटही काढून टाकली. तेव्हापासून महाराष्ट्रात फूट पडणंच बंद झालंय. जो तो मूळ पक्षच असतो. सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२३ ला अपात्रतेचा निर्णय वाजवी मुदतीत करा म्हणून अध्यक्षांना सांगितलं. पण वाजवी म्हणजे किती, हे न लिहिलेल्यातच येतं. शेवटी न्यायालयानंच तारीख घालून दिली आणि १० जानेवारी २०२४ ला निकाल आला: शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही. सुरत झालं, गुवाहाटी झालं, गोवा झाला. एवढ्या हवापालटात पक्ष कोणीच सोडला नव्हता! ज्यांनी एकमेकांना गद्दार म्हणून घसा कोरडा केला, त्यांना अध्यक्षांनी एकाच तराजूत निर्दोष ठरवलं. साहेब याला सर्वधर्मसमभाव म्हणतात.

“मग लिहिलेलं एखादं कलम तरी पाळायचं की नाही?” मी विचारलं.

“पाळतो ना. विरोधात असताना सगळी पाळतो.”

एवढ्यात त्यांचा पीए धावत आत आला. पालकमंत्रिपदाची यादी जाहीर झाली होती आणि तासाभरात आपल्या जिल्ह्यापुरती स्थगितही झाली होती. साहेब ताडकन उठले, गाडी मुंबईला काढायला सांगितली.

“पण साहेब, पालकमंत्रिपद घटनेत कुठे आहे?”

“नाहीये, म्हणून तर आजच जायला हवं,” चप्पल शोधत ते म्हणाले. “लिहिलेलं असतं तर पाच वर्षं थांबलो असतो.”