पावलांचं दर्शन

नरसोबाच्या वाडीत पेढे घ्यायला गेलात की हे अण्णा भेटतातच. गल्ल्यामागं दत्तमहाराजांच्या तसबिरीशेजारी वाघ. वाघ कॅलेंडरातला, पण कवठाची बर्फी जोखता जोखता अण्णा सांगणार, "ह्योच त्यो."

अण्णा दरसाल ताडोबाला जातात. मिरजेला महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची, नागपूर गाठायचं, तिथनं गाडीनं मोहर्ली. राधानगरीचं अभयारण्य जिल्ह्यातलंच. पण तिथं गवा. "म्हशीगत जनावर, काय बघायचं?" चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पही २०१० पासून शेजारीच आहे. पण तिथला वाघ सहसा दर्शन देत नाही, आणि न दिसणाऱ्यापुढं अण्णा नारळ फोडत नाहीत. एकदा नेमके मंगळवारी पोचले. मंगळवारी ताडोबा बंद. "त्याचाबी उपास असंल," म्हणून खोलीवर झोपले.

एका वर्षी मी जिप्सीत त्यांच्या शेजारी होतो. सगळे मातकट कपड्यांत, अण्णा नारिंगी स्वेटरात. "त्याला आपलं माणूस वाटाय नको व्हय?" चितळानं कॉल दिला तसा गाईडनं ओठांवर बोट ठेवलं. अण्णा कुजबुजले, "आला काय?" त्यांची कुजबुज पैलतीराला ऐकू जाते. वर मांडीवर पेढ्यांची पिशवी, तिची चुरचूर वेगळीच.

वाघ आला नाही. गाईडनं धुळीतला ठसा दाखवला. "वाघीण गेलीय. पंजा लांबट आहे बघा. नराचा चौकोनी असतो." पैसे बुडाल्यासारखी सगळ्यांची तोंडं. अण्णांनी मात्र कानटोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले. उतरायला बंदी होती म्हणून, नाहीतर लोटांगणच होतं. मी हसलो, तर म्हणाले, "आमच्या वाडीत तरी मूर्ती कुठाय? पादुकाच की!"

इथं मी निरुत्तर झालो, हे कबूल करतो.

वाडीत परतल्यावर मात्र त्या ठशाला पाय फुटले. संक्रांतीला वाघीण पन्नास फुटांवर होती, गुरुद्वादशीपर्यंत जिप्सीच्या बॉनेटवर पंजा टेकून उभी.

परवा ती बॉनेटवर चढत असतानाच घाटाकडनं पोरं ओरडत आली, "अण्णा, मगर! पल्याड मळीत ऊन खात पडलीया!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं पळाली. अण्णांनी तराजूवरची नजरसुद्धा हलवली नाही.

"तिला तिकीट न्हाई. काय बघायचं?"