उताऱ्याखालचे चार पर्याय

एप्रिल २०२२मध्ये उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते भारत सासणे. संमेलन म्हटले की वाचन कमी झाल्याची काळजी आलीच. त्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी सीयूईटी सुरू झाली आणि ती काळजी परस्पर मिटली. उतारा आला की वाचावाच लागतो! भाषेचा पेपर तेरा भाषांत देता येतो, मराठीतही. २०२५ पासून ५० प्रश्न, ६० मिनिटे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलात तर १ वजा.

लातूर पॅटर्नच्या शेजारात वाढलेल्या आमच्या गावाला हा हिशेब लगेच पटला. कविता कशी वाटली, असे विचारले की खाली मान घालणारी पोरे ‘लेखकाचा दृष्टिकोन’ मात्र चार पर्यायांतून झटक्यात वेचतात. युक्ती सोपी आहे: आधी प्रश्न वाचायचे, मग उताऱ्यात उत्तर हुडकायचे. उतारा सबंध वाचणाऱ्याचा वेळ जातो. त्याला वाचनाची गोडी लागल्याचा संशय आला, तर पालकांना बोलावून घ्यावे.

शब्दसंग्रहाचेही तेच. बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी एका दमात बोलून भाव पाडणारी पोरगी घरी येऊन समानार्थी शब्दांची यादी घोकते. भाव पाडायला गुण नाहीत ना.

संमेलनात हौसेने कादंबऱ्या घेतलेले एक काका मात्र अजून नाराज आहेत. एवढी जाड पुस्तके, म्हणतात, आणि एकाच्याही मागे उत्तरसूची नाही.