गुलमंडीत ग्रीक-लॅटिन : नवशिक्यांसाठी

साहित्य : औरंगपुऱ्यातून आणलेलं शब्दांच्या मुळांचं जाड पुस्तक आणि मजबूत चपला. पुस्तक घरी ठेवून निघावं. 'मूळ पाठ करा, शब्द आपोआप येतील,' असं क्लासवाले सांगतात. येतात खरे, पण कोण कोणाचा ते सांगत नाहीत.

आरंभ पैठण गेटपासून करावा. ग्रीक आपल्याला काय झेपणार, अशी धास्ती वाटलीच तर आठवावं : पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणचं नाव आहे. तिथून ऑनिक्सचे खडे गाड्यांत भरून भडोचला जात. ऑनिक्स म्हणजे ग्रीकमध्ये नख. ओळख जुनीच आहे, मध्ये जाणंयेणं राहिलं इतकंच.

आता गुलमंडीकडे चालत पाट्या वाचाव्यात. 'डेंटिस्ट' सोपा. लॅटिन 'डेन्स', आपला 'दंत', एकाच घरचे. हा मार्क फुकटात पडला म्हणून चढून जाऊ नये, कारण पुढे 'ऑर्थोपेडिक' येतो आणि नवशिका तिथे हमखास घसरतो. 'पेडेस्ट्रियन'मधला लॅटिन 'पेड' म्हणजे पाय, तेव्हा हाही पायांचाच डॉक्टर, असं तो छातीठोकपणे लिहितो. इथला 'पेड' मात्र ग्रीक, म्हणजे मूल. निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरने १७४१ मध्ये मुलांच्या शरीरातलं व्यंग सरळ करण्याच्या विद्येला हे नाव दिलं. आत बाकावर गुडघे धरून बसलेल्या आजी-आजोबांना हे सांगायला जाऊ नये. (पेडेस्ट्रियनचा सराव गुलमंडीत करू नये. हातगाडी आणि स्कूटरच्या फटीतून पोट आत घेऊन तिरकं सरकण्याला लॅटिनमध्ये काय म्हणतात, ते पुस्तकात नाही.)

जिमची पाटी दिसली की 'मसल'. लॅटिन 'मस्क्युलस', म्हणजे चिमुकला उंदीर. रोमन माणसाला कातडीखाली उंदीर पळताना दिसला. हसू आलं तर दंड वाकवून बघावा. आपल्याकडे तिथे बेडकुळी येते.

शेवटची परीक्षा महापालिका निवडणुकीच्या दिवसांत द्यावी. 'कँडिडेट' आला 'कँडिडस'वरून, म्हणजे पांढराशुभ्र. रोममधले उमेदवार खडूने झगा पांढरा करून मतं मागत फिरायचे. चौकातल्या बॅनरकडे मान वर करून पाहावं : मूळ आणि अर्थ तंतोतंत जुळतात. 'कँडिड', म्हणजे मनात असेल ते खरं बोलणारा, हाही त्याच मुळाचा. तो मात्र त्या बॅनरला लावून पाहू नये.