सीझनला गेलेला डॉक्टर

धाकट्या भावाची मुलगी दसऱ्याला पुण्याहून आली आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आप्पा, मी पहिल्या सीझनपासून पुन्हा सुरू केलंय."

समोरच्या ओट्यावर शेजारची म्हातारी तंबाखू मळत बसली होती. तिनं मान वर केली. "कोन्त्या कारखान्याला?"

चूक म्हातारीची नव्हती. आमच्या धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात सीझन हा शब्द एकाच कामाचा आहे. दसरा झाला की टायरगाड्या आणि ट्रक भरायचे, ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटक गाठायचं, आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात परतायचं. कुणाचं वय विचारलं तर माणूस डोकं खाजवतो, पण सीझन किती केले ते चटकन सांगतो. म्हातारीचे तीसच्या वर झालेत. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून ती नातवंडं सांभाळायला गावी राहते.

पुतणीचा सीझन 'डॉक्टर हू'चा. बीबीसीची ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली आणि अजून पुरती आवरलेली नाही. कथा म्हणावी तर सोपी. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी निळ्या खोक्यात बसून काळाच्या मागेपुढे हिंडतो, आणि जिथं उतरतो तिथं काहीतरी बिघडलेलं असतं. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टर असून तो सुई मात्र टोचत नाही. हे ऐकल्यावर म्हातारीचं त्याच्याबद्दल बरं मत झालं.

रात्री ओसरीवर लॅपटॉप मांडला. पुतणी, मी, आमच्या घरातल्या आणि म्हातारी, असे चार प्रेक्षक. पहिल्या भागाबद्दल पुतणीनं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. हा भाग दाखवला त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती, आणि भर म्हणून इंग्लंडात ठिकठिकाणी वीज गेली होती. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला पुन्हा दाखवला. ज्यांच्या जिल्ह्यात परळीचं औष्णिक वीजकेंद्र आहे आणि तरीही ज्यांनी कंदिलावर दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांना असल्या वेळी जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही. लंडनलासुद्धा!

दुसरा आनंद दिग्दर्शकाच्या नावाचा. वारिस हुसेन. जन्म 1938, लखनौ. 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन त्यांच्या आई. पंचविशीच्या आतबाहेरचा हा पोरगा आणि व्हेरिटी लॅम्बर्ट ही साधारण त्याच वयाची निर्माती, या दोघांच्या गळ्यात बीबीसीतल्या बुजुर्गांनी ही मालिका मारली. होऊन होऊन काय होणार, फसेल, असाच अंदाज असावा. नव्या गुरुजीला सगळ्यांत वांड वर्ग देतात, त्यातलाच हा प्रकार.

मग ते खोकं आलं. लंडनच्या पोलिसांची निळी चौकी, ग्रामपंचायतीनं बांधून दिलेल्या संडासापेक्षा काही फार मोठी नाही. पण दार उघडलं की आत भलंमोठं दालन. पुतणीला वाटलं आता सगळे चकित होणार. म्हातारीनं तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि म्हणाली, "त्यात काय. आमच्या गाडीत दोन लेकरं, शेरडू, कोंबड्या, चूल, सा महिन्याची जवारी, गोधड्या आन् सासू बसायची. भाईरून बगितलं तर काय दिसायचं?"

मी नुसती मान हलवली. टायरगाडीचं हे शास्त्र बीबीसीला कुणी कळवलं नाही.

खोकं निघतं तेव्हाचा घरघराट प्रसिद्ध आहे. ब्रायन हॉजसन या ध्वनितंत्रज्ञानं जुन्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून तो तयार केला. तो आवाज ओसरीवर आला आणि नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या टोकाला कुणीतरी कोयत्यावर कानस मारत होतं. खर्र, खर्र. दोन आवाजांत फरक करणं कठीण झालं. अर्थही एकच होता म्हणा. निघायची वेळ झाली.

डालेक नावाचे खलनायक आल्यावर म्हातारी पुढे सरकली. पालथी घातलेली कणगी चाकांवर ठेवावी तसे ते दिसतात आणि सारखे खेकसतात. "ही कणगी का वरडतीय?" पुतणीनं समजावलं की हे मुळात जिवंत प्राणी आहेत, युद्धानंतर लोखंडात बसून राहिलेत, दयामाया नाही, एकाच सुरात हुकूम देतात. "मुकादम," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा मागे सरकून बसली. सगळे मुकादम तसे नसतात हे मी आपलं नोंदवून ठेवतो. आमच्या गल्लीतही एक राहतो.

डॉक्टर एकटा हिंडत नाही, त्याला कायम कुणीतरी सोबती लागतो, यावर दोघींची बरीच चर्चा झाली. आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. एकटा असेल तर तो अर्धा कोयता. तो तोडणार, ती मोळी बांधून डोक्यावर वाहणार आणि रात्री भाकरीही तीच थापणार, तरी हजेरीत ती अर्धीच. पुतणी म्हणाली, मालिकेतही पुष्कळ वर्षं सोबतिणींना किंचाळण्यापलीकडे फारसं काम नव्हतं. "वरडायला येळ तरी व्हता त्यास्नी," म्हातारी म्हणाली.

सातेक रात्रींनंतर गाडी अडली. पहिल्या सीझनचे भाग 42, त्यांतले 9 आज बीबीसीकडेच नाहीत. मार्को पोलोची सात भागांची कथा, बरीचशी याच वारिस हुसेननं केलेली, सगळीच्या सगळी गेली. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायचे. परदेशी विकायला काढलेल्या फिल्मच्या प्रतीही पुढं अडगळ म्हणून फेकल्या. नंतर जगभर शोधाशोध झाली. पुढच्या एका सीझनचे 9 भाग तर 2013 साली नायजेरियातून परत आल्याचं जाहीर झालं. मार्को पोलो काही परतला नाही. त्याचा फक्त आवाज उरलाय, कारण काही पोरांनी तेव्हा घरातल्या टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर धरून तो भरून घेतला होता. पुतणीनं तो लावला. पडद्यावर स्थिर छायाचित्रं, मागून माणसं बोलतायत.

आमच्या घरातल्या उठून झोपायला गेल्या. मी बसून राहिलो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी 28 वर्षं हजेरी घेतली. दिवाळीनंतर पट उघडला की निम्म्या नावांपुढं रिकाम्या चौकटी. पुढं हंगामी वसतिगृहं आली, कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, चौकटी थोड्या भरल्या. पण गेलेलं पोर त्या सहा महिन्यांत काय बघून आलं ते आमच्या दप्तरी कधीच नसायचं. मी परीक्षेत नापास करायचा नाही इतकं पाळलं, त्यापलीकडं काही केल्याचं आठवत नाही. एकदा पाडव्यानंतर एक चौथीतला मुलगा परत आला. पँट दोन बोटं आखूड झालेली, अंगाला उसाच्या पाचटाचे ओरखडे. त्याला पाढे म्हणायला सांगितले. तो उभा राहिला आणि "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु" असं धडाधड वीसपर्यंत मोजून खाली बसला. वर्ग हसला. मीही हसलो. आज ते लॅपटॉपमधले नुसते आवाज ऐकताना त्याचा आवाज कानाशी होता, चेहरा मात्र काही केल्या पुढं येईना.

सुट्टी संपत आली. जाता जाता पुतणीनं म्हातारीला उरलेली हकिगत थोडक्यात सांगितली. पहिला नट विल्यम हार्टनेल आजारी पडला, तर 1966 साली डॉक्टरचा चेहराच बदलून दुसरा माणूस उभा केला आणि गाडी पुढं चालू. तेव्हापासून हीच रीत. म्हातारीला यात नवल वाटलं नाही. तिचा कोयता आता सून चालवते. मग पुतणी म्हणाली, असे 26 सीझन झाले आणि 1989 साली मालिका बंद पडली. मध्ये 1996 ला एक सिनेमा तेवढा झाला, थेट 2005 ला पुन्हा सुरू.

"म्हंजी एक दिस रोजंदारीला गेला," म्हातारी बोटं मोडत हिशेब करू लागली. बराच वेळ लागला तिला.

"पंधरा वर्सं सीझन न्हाई," ती शेवटी म्हणाली. "मंग खाल्लं काय त्यानं?"