शेगावात भेटली तर योगायोग कसला?

"अवं, गॅस बंद कर अन् इकडं ये. तुले सांगाचंच राह्यलं."

काकूंकडे सकाळपासून कुरडया चालल्या होत्या. चिकाचे हात पदराला पुसत त्या तुराट्यांच्या कुंपणाशी आल्या, म्हणजे आता माझी आमटी उतरवूनच यायला हवं. बातमी अशी होती: गुरुवारी त्या शेगावला गेल्या, दर्शनबारीत पुढं उभी असलेली बाई मागं वळली आणि ती निघाली काकूंची शाळेतली मैत्रीण. लग्नं झाल्यापासून दोघींची भेट नव्हती. ती गेली परभणीकडं, या आल्या घाटावर, चिखलीत.

"एवढ्या हजारो लोकायत नेमकी तीच माह्यापुढं! महाराजायनंच भेट घडवली, दुसरं काय."

ओट्यावर काकूंचे यजमान, म्हणजे सर, पेपर वाचत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, विषय गणित. पेपर खाली न घेताच म्हणाले, "शेगावात भेटली ना? मग योगायोग कसला? वऱ्हाडातलं हरवलेलं माणूस हमखास कुठं सापडेल असं कुणी विचारलं, तर मी शेगावचंच नाव सांगेन. बोरीबंदरला भेटली असती तर मानलं असतं."

काकूंना हे बोलणं कोरडं वाटलं, मला मात्र पटलं. २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले, ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेतली. तेव्हापासून हे गाव चारी दिशांची माणसं आणून एकाच रांगेत उभी करतं. मुंबई-हावडा लोहमार्गावरचं स्टेशन, गुरुवार, एकादशी, प्रकटदिन. अशा ठिकाणी जुनी मैत्रीण भेटली नाही, तर तेच नवल म्हणायचं.

"बरं, शेगाव सोडा," काकू हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. "बारा जानेवारीचं काय करता? जिजाऊ आपल्या सिंदखेड राजाच्या, अन् विवेकानंद तिकडं कलकत्त्याचे. दोघायचा जन्म एकाच तारखेले! ते बी रांगेत उभे होते का?"

"तारीख एक आहे. एक सन १५९८, दुसरा १८६३. पण तिथी कोणती ते सांगा."

तिथी काकूंच्या जिभेवर. जिजाऊंची पौष पौर्णिमा. विवेकानंदांची पौष वद्य सप्तमी, आणि ती चुकायचं कारणच नाही, कारण मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाच्या विवेकानंद जन्मोत्सवाला त्या दर वर्षी जातात. तो उत्सव तिथीनं होतो. शेवटच्या दिवशी रानात पंगती बसतात आणि पुरी अन् वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढत नेतात. ते ज्यानं पाहिलं नाही, त्यानं मोठं लग्न पाहिलं असं सांगू नये. म्हणजे सिंदखेड राजाला जिजाऊंचा सोहळा तारखेनं, हिवऱ्याला स्वामींचा तिथीनं, आणि दोन्ही एकाच बुलढाणा जिल्ह्यात. पण दोघांचीही तिथीच धरली तर मध्ये सात तिथींचं अंतर पडतं. कालनिर्णयवरचा ठळक आकडा पाहिला तर योगायोग आहे, त्याच्याखालची बारीक अक्षरं वाचली तर नाही!

काकू क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अन् जिजाऊ गेल्या तो दिवस? राज्याभिषेक झाला अन् लगेच."

त्यावर सरांनीही पेपर बाजूला ठेवला. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, १७ जूनला पाचाडला जिजाऊ गेल्या. मधे अकरा दिवस. "माउलीनं जीव धरून ठेवला होता," काकू म्हणाल्या, आणि त्यावर कुणी गणित काढलं नाही. सर म्हणाले ते एवढंच, की अमेरिकेतही असं एक घडलं आहे. त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष गेले. तिथंही लोक तेव्हापासून हेच विचारतात, की नुसता योग होता की म्हाताऱ्यांनी तो दिवस पाहायचाच असं मनाशी धरलं होतं? मला विचाराल तर अशा गोष्टींना योगायोग म्हणणं थोडं उणंच पडतं. त्यांच्यात माणसाच्या इच्छेचाही वाटा असू शकतो.

सरांना आता स्फुरण चढलं. "ताई, एका खोलीत किती माणसं जमली म्हणजे दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला निघेल?"

वर्षाचे दिवस ३६५, म्हणून मी सावधपणे दोनशे म्हटलं.

"तेवीस! तेवीस जमले की शक्यता निम्म्याच्या वर जाते. सत्तावन्न जमले तर शंभरात नव्व्याण्णव. तुम्ही काय करता, स्वतःची तारीख धरून बसता आणि ती दुसऱ्या कुणाची आहे का ते शोधता. पण तेवीस जणांत जोड्या किती होतात? २५३. त्यातली कुठलीही एक जुळली की झालं."

अमेरिकेत पर्सी डायकोनिस नावाचे एक संख्याशास्त्रज्ञ आहेत. तरुणपणी ते जादूचे प्रयोग करत फिरायचे, म्हणजे लोक कशानं थक्क होतात हे त्यांना आतून ठाऊक. त्यांनी फ्रेडरिक मोस्टेलर यांच्याबरोबर १९८९ मध्ये योगायोगांवर एक लेख लिहिला. त्याचं सार असं, की माणसं आणि घटना पुरेशा मोठ्या संख्येनं घेतल्या की वाटेल ती अजब गोष्ट कुठं ना कुठं घडतेच. सरांना हा लेख फार प्रिय. काकूंना त्या लेखाचं नाव निघालं तरी जांभई येते.

"पण आमच्या शाळेत हे गणित चालायचं नाही," सर स्वतःच हसले. "आमच्याकडं अर्धा वर्ग एक जूनचा!"

हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा योगायोग, आणि तो हेडमास्तरांनी घडवलेला. बाप पोराला हाताला धरून शाळेत आणायचा. जन्मतारीख विचारली की "ज्वारीची सोंगणी चालू होती", "मोठा पूर आला त्या साली" अशी उत्तरं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय तर पूर्ण भरायला हवं. गुरुजी पोराकडं एकदा बघायचे, साल ठरवायचे आणि दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. पुढं हीच पोरं सरकारी नोकरीत लागली. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्ती, असा नियम आहे. म्हणून दर ३१ मे ला राज्यभर कचेऱ्यांतून नारळ-शालींची एकच झुंबड उडते. परगावच्या माणसाला वाटावं, या राज्यात ग्रहांचं काहीतरी विशेष आहे.

"तुमचा बी एक जूनच," काकूंनी आठवण करून दिली. "अन् दुसऱ्यायच्या तारखा तुमीच टाकल्या. वरून मले योगायोग शिकवता!"

सर पेपरात शिरले, पण तिथंही सुटका नव्हती. अक्षय तृतीया नुकतीच झालेली, त्यामुळं पेपरात भेंडवळची घटमांडणी होती आणि काकूंचं माहेर जळगाव जामोद तालुक्यातलं, म्हणजे भेंडवळच्याच पट्ट्यातलं. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट मांडतात. गोल रिंगणात गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, तीळ, जवस, सरकी अशी अठरा धान्यं. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, त्यावर पापड, कुरडई, भजी, वडा. राजासाठी पानसुपारी. रात्रभर तिकडं कुणी फिरकायचं नाही. पहाटे कोणता दाणा जागेवरून हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून वाघ घराण्यातले महाराज भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची चाल म्हणतात. पहाटे ऐकायला शेतकरी दुरून येऊन बसलेले असतात.

"दर साली खरं होते," काकू म्हणाल्या.

"पाऊस कुठं कमी, कुठं जास्त. पीक साधारण. आता हे भाकीत खोटं ठरवायला पावसानं पडावं तरी कसं?"

"अन् तुमचं हवामान खातं लय बरोबर सांगते!"

"ते चुकलं तर किती चुकलं याचा आकडा तरी छापून येतो."

"छापून आल्यानं माह्या भावाची पराटी उगवते का?"

इथं मी काकूंच्या बाजूची. कोरडवाहू वावर, सोयाबीन नाहीतर कपाशी, बियाण्याचे पैसे उधारीचे. पेरणीच्या तोंडावर चार माणसांत बसून पावसावर बोलायला मिळतं, हे काही थोडं नाही. पण खरं-खोट्याच्या हिशोबात सर बरोबर आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा आक्षेपही जुनाच आहे. जुळलेलं भाकीत पोळ्यापर्यंत चहाच्या टपरीवर फिरतं. न जुळलेलं कुणाच्याच तोंडी राहत नाही.

काकूंनी मग लोणार काढलं. २०२० च्या जूनमध्ये, पहिल्या टाळेबंदीच्या दिवसांत, लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. तेव्हा "काहीतरी वाईट येणार" असं म्हणणाऱ्या काकू एकट्या नव्हत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तर त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव निघाले. पाऊस नाही, ऊन कडक, पाणी आटलेलं, खारटपणा वाढलेला, आणि माणसांची वर्दळ कमी, अशी कारणं संस्थेनं दिली. म्हणजे वर्दळ कमी होण्यापुरता टाळेबंदीचा हात होताच की! हे ऐकून काकूंनी सरांकडं असं पाहिलं, जणू आघारकर संस्था त्यांच्या माहेरची.

"तो वाघ नाही का आल्ता आपल्या ज्ञानगंगेत?" त्यांना आता थांबायचं नव्हतं. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक तरुण वाघ निघाला. वावरं, नद्या, रस्ते ओलांडत, तेलंगणातून वळसा घेत, मराठवाड्यातून वर्षाअखेरीस इथं ज्ञानगंगा अभयारण्यात आला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरवर सगळी मिळून सुमारे ३,००० किलोमीटर चाल नोंदली गेली. आणि इथं वाघीणच नव्हती.

"एवढा चालला बिचारा, अन् सोयरीक नाहीच जुयली."

"हेच मी मघापासून सांगतोय," सर एकदम उठले. "न जुळलेल्या सोयरिका कुणी मोजतं का? तुमच्याबरोबर शाळेत किती पोरी होत्या? त्यातल्या इतक्या वर्षांत शेगावात न भेटलेल्या किती?"

काकूंनी कुरडयांवरचा कावळा हाकलला आणि सरांकडं न बघता मला म्हणाल्या, "पाह्यलं? २५३ जोड्या बरोब्बर मोजते हा मानूस, अन् दूधवाल्याच्या खाड्याचे दोन दिवस कापाचे बी राह्यले, पैसे पुरे देऊन आला. विचार त्याले, तो कोनता योगायोग!"