बेटावरील ताजे वर्तमान

मेक्सिको देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, कानकुन शहरातील हॉटेलांची जी गगनचुंबी तटबंदी उभी आहे तिच्या समोरच्या समुद्रात, इस्ला मुहेरेस नावाचे एक चिंचोळे बेट आहे. त्याची लांबी सुमारे ७ किलोमीटर असून रुंदी, जेथे ते सर्वांत ऐसपैस पसरले आहे तेथेही, पाऊण किलोमीटर भरत नाही. म्हणजे प्रभातफेरीस निघालेला गृहस्थ आडव्या दिशेने जरा उत्साहाने चालला, तर न्याहारीपूर्वीच त्याला समुद्रस्नान घडावे, असा हा मुलूख आहे. १५१७ साली क्युबाहून निघालेल्या फ्रान्सिस्को एर्नांदेस दे कोर्दोबा याच्या तांड्यास येथील माया देवस्थानात स्त्रीमूर्ती आढळल्या, आणि त्यावरून स्पॅनिश लोकांनी या भूमीस 'स्त्रियांचे बेट' असे नाव दिले, असे सांगतात. घरून निघताना आम्ही उभयतांनी केवळ 'कानकुनच्या बाजूस जाऊन येतो' एवढेच सांगितले होते, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

उभयता म्हणजे मी आणि आमचे वडील मेहुणे. मेहुण्यांची सारी हयात भूमापन खात्यात गेली असून, हद्दीचे दगड, फाळणीबारा आणि आकारफोड यांच्या सहवासात ज्याने पस्तीस पावसाळे काढले त्या मनुष्यास परदेशी जाऊनही सृष्टिसौंदर्यापूर्वी क्षेत्रफळ दिसावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. पुएर्तो हुआरेसच्या धक्क्यावरून निघालेल्या बोटीने आम्हांला पाव तासाहून थोड्या अधिक वेळात पैलतीरी उतरवले, त्या अवधीत इतर उतारू समुद्राच्या निळाईकडे पाहून उद्गार काढीत होते आणि आमचे मेहुणे बोटीवरील जीवरक्षक जाकिटांची शिरगणती करीत होते. उतरल्यावर टॅक्सीच्या अड्ड्यावर लटकवलेले अधिकृत दरपत्रक दृष्टीस पडताच मात्र त्यांची मुद्रा प्रसन्न झाली. "दाजी, मुलूख कायद्याचा दिसतो," असा अभिप्राय देऊन ते त्या पत्रकाखाली इतका वेळ उभे राहिले की, रांगेतल्या टॅक्सीवाल्यांनी त्यांना तपासणीस आलेला अंमलदार समजून आपापल्या टोप्या सरळ केल्या.

या बेटावर गोल्फचे मैदान नाही. तथापि गोल्फच्या मैदानावर धनिकांना एका खळग्यापासून दुसऱ्या खळग्यापर्यंत नेण्याकरिता ज्या खुज्या, बिनदाराच्या गाड्या योजिलेल्या असतात, त्यांचेच येथे रस्तोरस्ती राज्य आहे. येणारा प्रत्येक प्रवासी ती गाडी भाड्याने घेतो, आणि घेतल्याक्षणी, आपल्या देशी मोटार कशी चालवतात हे साफ विसरून, रस्त्याच्या मध्यावरून छायाचित्रे काढीत चालू लागतो. खरे रहिवासी असतात ते मोटारसायकलवर. पुढे एक मूल, मागे पत्नी, पत्नीच्या मांडीवर दुसरे मूल आणि त्या मुलाच्या हाती वाढदिवसाचा केक, अशी एक संपूर्ण गृहस्थी आमच्या गाडीस डावी घालून गेली, आणि जाताना त्या केकच्या धन्याने आमच्याकडे पाहून जी करुणा व्यक्त केली, तीवरून आमच्या वेगाची कल्पना वाचकांनी करावी.

परंतु मला सांगावयाचे आहे ते येथील वर्तमानाविषयी. जगातील मोठमोठ्या राजधान्यांत ज्या घडामोडींनी अग्रलेख भरतात, त्या येथेही दूरचित्रवाणीवर येतात आणि उपाहारगृहाच्या भिंतीवर कोणी पाहत नसताना हलत राहतात. बेटाची खरी बातमी वेगळी असते, आणि ती वारा, शेवाळ व पाणी या तिहींपैकी एकाविषयी असते. वारा उत्तरेचा आहे काय? सार्गासो नावाचे जे तपकिरी सागरी शेवाळ उन्हाळ्यात खंडोगणती वाहून येते आणि कुजू लागले की नाक मुठीत धरावयास लावते, ते आज पूर्वेच्या किनाऱ्यास लागले की कोठे? आणि नळ कधी येणार? कारण या बेटाचे पिण्याचे पाणी मुख्य भूमीहून समुद्राखालच्या नळाने येते, वीजही समुद्राखालच्या तारेने येते, आणि तळाशी काही बिनसले की चहूंकडे पाणी असलेल्या या भूमीत लोक बादल्या घेऊन परस्परांच्या दारी जातात. ही वार्ता पसरवण्यासाठी छपरावर कर्णे बांधलेली एक मोटार गल्लोगल्ली फिरते. दवंडीचा हा अवतार पाण्याची वेळ, सभेचे स्थळ, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कोंबडीचा भाव एकाच आवाजात, एकाच गांभीर्याने सांगतो.

घड्याळाविषयीही दोन शब्द. मेक्सिकोचे अतिपूर्वेचे टोक या बेटाच्या दक्षिण भूशिरावर, पुंता सूर येथे आहे. त्या देशात सूर्य प्रथम उगवतो तो येथल्या निद्रिस्त सरड्यांच्या पाठीवर. तेथील घोरपडीएवढे इग्वाना सरडे सूर्यनारायणाची वाट पाहत कड्यावर अशा शिस्तीने बसलेले असतात की, कोणत्याही कचेरीच्या कारकुनांनी ते अवलोकन करावे. इतक्या पूर्वेकडे असल्यामुळे संध्याकाळही लवकर होई, आणि ती पर्यटकांच्या सोयीची नसे. तेव्हा हे बेट ज्यात मोडते त्या किन्ताना रो प्रांताने २०१५ साली आपली घड्याळे राजधानीच्या पुढे एक तास सारून सायंकाळ लांबवली. सूर्याची हद्द अशी कागदोपत्री सरकवता येते हे ऐकून आमचे मेहुणे बराच वेळ स्तब्ध होते.

त्यांचा खरा पराभव व्हावयाचा होता तो पावसाच्या बाबतीत. आमच्या बिऱ्हाडाची मालकीण ही सत्तरीच्या घरातली, बोलकी आणि उदार बाई होती, आणि एका संध्याकाळी पडवीत झुलत्या खाटेवर बसून ती वादळांच्या गोष्टी सांगू लागली, तेव्हा मेहुण्यांनी तिला मधेच थांबवून, २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कसा नोंदला गेला, आणि त्या रात्री दादरहून पार्ल्यापर्यंत आपण कमरेइतक्या पाण्यातून डोक्यावर दप्तर धरून कसे आलो, याचे साद्यंत निवेदन केले. मी दुभाष्याचे काम करीत होतो. त्या निवेदनात पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंत चढले ते माझ्या भाषांतरात चढले, असा आरोप माझ्यावर नंतर झाला. बाईंनी सर्व ऐकून घेतले, मुंबईकरांविषयी मनापासून हळहळ व्यक्त केली, मेहुण्यांच्या पेल्यात आणखी जास्वंदीचे सरबत ओतले, आणि मग शांतपणे सांगितले की, त्याच वर्षी ऑक्टोबरात 'विल्मा' नावाचे चक्रीवादळ आले व या बेटावर येऊन बसले. आणि त्यावेळी चोवीस तासांत येथे १६३३ मिलिमीटर पाऊस झाला. आकडा तिला तोंडपाठ होता, आणि तो तसा असण्यात नवल नाही, कारण पश्चिम गोलार्धातील चोवीस तासांच्या पावसाचा विक्रम म्हणून तो जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी दाखल आहे. पडवीत काही काळ कोणी बोलले नाही. "पर्जन्यमापक कोणत्या बनावटीचा होता, ते विचारा, दाजी," असे मेहुणे अखेरीस क्षीण स्वरात म्हणाले. पण १९८८ सालच्या 'गिल्बर्ट' वादळास बाईंनी अद्याप हात घातला नव्हता हे ध्यानी घेऊन मी प्रश्न भाषांतरित केला नाही.

बेटावरील प्रेक्षणीय स्थळे आम्ही यथासांग पाहिली. फेर्मीन मुंदाका नावाच्या एकोणिसाव्या शतकातील गुलामांच्या व्यापाऱ्याने येथे वाडा व बागा उभारल्या त्या एका गव्हाळ वर्णाच्या तरुणीस जिंकण्यासाठी, आणि तिने लग्न केले ते दुसऱ्याशीच. मुंदाकाने कवटी व हाडे कोरून सजवलेली आपली कबर गावच्या स्मशानात आहे, पण तो मेला मेरिदा शहरी, म्हणून कबर रिकामी आहे असे म्हणतात. माणसे विकून केलेल्या धनाचा असा विनियोग झाला याचे मला दुःख झाले नाही. बेटालगतच्या समुद्रात पाण्याखालचे एक संग्रहालयही आहे. जेसन डीकेरेस टेलर या इंग्रज शिल्पकाराने २००९ पासून सिमेंटचे शेकडो पुतळे तळाशी उतरवले, हेतू हा की पाणबुड्यांची झुंबड नैसर्गिक प्रवाळांवर न पडता इकडे वळावी, व पुतळ्यांवरही कालांतराने प्रवाळ धरावे. मेहुण्यांनी पाण्यात उतरण्यास नकार दिला आणि बोटीत बसून चित्रपुस्तिका चाळली. तीत एका अभिलेखपालाचा पुतळा आहे: समुद्रात सापडलेल्या बाटल्यांतील चिठ्ठ्या तो मांडणीवर लावून ठेवीत असून पायाशी कुत्रा बसला आहे. "आमची तालुक्याची रेकॉर्डरूम," मेहुणे गहिवरून म्हणाले. "श्रावणात अगदी अशीच."

संध्याकाळी सारा गाव चौकात जमतो. एका अंगास चर्च, दुसऱ्या अंगास नगरपालिकेची कचेरी आणि मध्ये, जेथे आपण पुतळा उभारला असता तेथे, बास्केटबॉलचे मैदान. कडेला मार्केसिताची हातगाडी लागते. गाडीवाला लांब दांड्याच्या दोन लोखंडी तव्यांत पातळ पीठ ओततो, मिटून आचेवर उलटसुलट करतो, उघडल्यावर त्या कागदासारख्या पापुद्र्यावर लाल मेणाच्या वेष्टनातला डच चीज मूठभर किसून टाकतो, आणि पापुद्रा कडक होण्यापूर्वीच्या क्षणार्धात त्याची सुरळी वळतो. गोड पापुद्र्यात खारट चीज ही कल्पना मेहुण्यांस प्रथम धर्मबाह्य वाटली. दुसरी सुरळी खाताना त्यांनी मैदानावरील सामन्याची चौकशी केली, तिसरीच्या वेळी त्यांचा एक पक्ष ठरला होता, आणि मासळीबाजारामागच्या वस्तीतील पोरांच्या त्या संघाचा आघाडीचा खेळाडू, उंचीने जेमतेम पाच फूट, हा दूरच्या कोनातून चेंडू कसा टाकतो याचे अंशांत मोजमाप त्यांच्या टिपणवहीत उतरू लागले.

मग उत्तरेचा वारा सुटला. हिवाळ्यात असा वारा येतो तेव्हा बंदराचा कप्तान प्रथम लहान होड्यांना, आणि वारा वाढला तर मोठ्या बोटींनाही, मज्जाव करतो. त्याच्या हुकुमापुढे विमानाची तिकिटे, हॉटेलांची आरक्षणे आणि प्रवाशांचा संताप ही सर्व रद्दी होय. धक्क्यावर आम्ही सामानासह पोहोचलो तेव्हा बंदर बंद होते. नियमाप्रमाणे मेहुण्यांनी हुकुमाची प्रत मागितली. खिडकीतील मुलाने समुद्राकडे बोट दाखवले. त्यावर मेहुण्यांनी जावक क्रमांक विचारावा अशी माझी अपेक्षा होती. पण ते वळले, शेजारच्या कोळ्याशी हातवारे करून काही बोलले, आणि थोड्याच वेळात नव्याने येणाऱ्या प्रत्येक हताश प्रवाशास सांगू लागले की, छोट्या होड्या आज सुटत नाहीत, मोठीचे दुपारनंतर पाहू, शेवाळाचा प्रश्न या ऋतूत नाही, आणि नळ चारला येईल. कोणत्या भाषेत सांगत होते ते मला कळले नाही; ऐकणाऱ्यांना कळत होते.

दुपारी वारा पडला. बंदर मोकळे झाल्याचे कर्ण्याच्या मोटारीने जाहीर करताच सारी रांग बोटीकडे धावली, आणि मी दोन्ही बॅगा उचलल्या.

"दाजी, बॅगा खाली ठेवा," मेहुणे म्हणाले. "उद्या जाऊ. आज रात्री अंतिम सामना आहे."